विश्रामबाग वाडा घरच्यांना घेऊन कसा पाहावा

पुण्यात राहणाऱ्या माणसाने विश्रामबाग वाडा बाहेरून हजारदा पाहिलेला असतो. तुळशीबागेत जाताना, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी आटोपून परतताना, नाहीतर बाजीराव रस्त्याने जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. आत मात्र फार थोडे जातात आणि गेलेले पंधरा मिनिटांत बाहेर येतात. "छान आहे, पण आत बघायला काही नाही," हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की शेवटी हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. आत बघायला वाडाच आहे. तो कुठून बघायला सुरुवात करायची, हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो दिसत नाही.

सगळ्या भेटीचं सूत्र एकच आहे, आणि ते घरातल्या सर्वांत लहान मुलालाही कळतं: वाडा भिंतींवर उभा नसतो, लाकडावर उभा असतो. आपली आजची घरं आरसीसीच्या सांगाड्यावर उभी असतात ना, तसाच वाड्याचा सांगाडा सागवानी. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. भिंती मधल्या जागा भरायला. हे एकदा डोक्यात बसलं की मूल वाड्यात शिरताच वर बघायला लागतं, आणि वर बघणाऱ्या मुलाला वाड्यात कंटाळा येत नाही.

आदल्या रात्री, ओट्यावर

तयारीला अर्धा तास पुरतो आणि ती स्वयंपाकघरात करायची असते. सारख्या उंचीचे चार डबे घ्या, आमच्याकडे कडधान्यांचे घेतले. ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवा. हे खांब. दोन डब्यांवर एक, अशा दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाका. या तुळया. त्यांच्यावर आडव्या सात-आठ पेन्सिली, थोड्या थोड्या अंतराने. या कड्या. पेन्सिलींवर एक वही ठेवा. हा पाट. कड्या आणि पाट मिळून जे छत होतं, त्याला कडीपाट म्हणतात. वहीवर मुलांना एकेक वाटी ठेवू द्या आणि प्रत्येक वाटीला विचारा, "हिचं वजन आता कुठून कुठे गेलं?" वही, पेन्सिल, पट्टी, डबा, ओटा. आमच्या सहा वर्षांच्या धाकटीने तिसऱ्या वाटीपर्यंत ही साखळी बोटाने दाखवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी वाड्यात ती हीच साखळी उलटी, खालून वर, वाचणार असते.

याच रात्री आणखी दोन कामं करून ठेवा. एक म्हणजे वाडा आणि दुपारी पाहायचं केळकर संग्रहालय उद्या उघडं आहे का, वरचा मजला पाहता येतो का, हे फोनवर विचारून घ्या. जुन्या लाकडी इमारतीत डागडुजी निघतेच, आणि तेवढ्यापुरता एखादा भाग बंद ठेवला जातो. दुसरं म्हणजे पिशवी भरा: छोटी विजेरी, एक कोरी वही, पेन्सिल, पाणी, सुट्टे पैसे. विजेरी विसरू नका. दोनशे वर्षांच्या लाकडावरचं कोरीवकाम सावलीत काळपट दिसतं. बाजूने तिरका उजेड टाकला की पाकळ्या उठून येतात.

दिवस निवडताना गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीआधीचे शनिवार-रविवार सरळ वगळा. त्या भागात तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते आणि आजी-आजोबांचे हाल होतात. सकाळी दहा-साडेदहाची वेळ उत्तम. पावसाळ्यात जायला हरकत नाही, उलट वाड्याच्या मधल्या उघड्या चौकात पाऊस पडताना वाडा का असा बांधला हे पटकन उमगतं. फक्त ओल्या छत्र्या आणि चिखलाच्या चपलांची काळजी घ्यावी लागते.

गाडी शक्यतो नेऊ नका. पेठांतले रस्ते एकेरी आहेत आणि जागा शोधण्यात सगळ्यांचा उत्साह संपतो. न्यावीच लागली तर मंडईजवळच्या महापालिकेच्या बहुमजली वाहनतळावर लावा. मेट्रोने येत असाल तर येताना कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि परतताना मंडई स्थानकावरून बसा. असं का, ते पुढे येतंच.

सुरुवात शनिवारवाड्यापासून

पहिल्या खेपेला आम्ही थेट विश्रामबागेत गेलो होतो आणि ती चूक झाली. मुलांना खांब दिसत होते, पण त्यांचं महत्त्व कळत नव्हतं, कारण खांब नसलेला वाडा त्यांनी पाहिला नव्हता. तो शनिवारवाड्यात पाहायला मिळतो.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत. तेव्हाचा खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा. ही तीन गावं मुलांना नकाशावर आधीच दाखवून ठेवली तर ती दगडाला हात लावून "चिंचवड" म्हणतात, आणि पिंपरी-चिंचवडला राहणारी मुलं असतील तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आत गेल्यावर समोर हिरवळ आणि दगडी जोती, म्हणजे जुन्या इमारतींचे चौथरे. २७ फेब्रुवारी १८२८ ला इथे आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मुलांना एका जोत्यावर उभं करा आणि विचारा, "इथे मोठा वाडा होता. दगड सगळे आहेत. मग काय नाही?" उत्तर त्यांना काढू द्या, घाई करू नका. आमच्या थोरल्याने आधी "छप्पर" सांगितलं, मग "भिंती", मग थोडा वेळ गप्प राहून "खांब" म्हणाला. लाकूड गेलं, आणि लाकडावर जे जे उभं होतं ते सगळं गेलं.

निघताना दिल्ली दरवाजाखाली थांबा. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे सगळेच दाखवतात. तुम्ही मोठ्या दारातलं छोटं दार, म्हणजे दिंडी, दाखवा. रोजची ये-जा दिंडीतून, आणि आत येणाऱ्याला वाकूनच यावं लागतं. मग मान वर करून नगारखाना पाहा. दरवाजाच्या डोक्यावरचा हा लाकडी खांबांचा भाग आजही उभा आहे. खालच्या ओसाड जोत्यांवर काय होतं याचा नमुनाच म्हणायचा.

इथे पाऊण तासापेक्षा जास्त काढू नका. ऊन असतं, सावली कमी असते, आणि खरा कार्यक्रम पुढे आहे.

शनिवारवाड्यावरून बाजीराव रस्त्याने सरळ दक्षिणेला चालत निघालं की आप्पा बळवंत चौक लागतो आणि तिथून पुढे विश्रामबाग वाडा. जेमतेम किलोमीटरभराचं अंतर. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर त्यांना रिक्षाने पुढे पाठवा. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांसमोर मुलं रेंगाळतात, तेवढी मुभा द्या.

आत जाण्याआधी समोरच्या फुटपाथवर

वाड्यात लगेच शिरू नका. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाच मिनिटं दर्शनी बाजू पाहा. वरच्या मजल्याचा कोरीव लाकडी सज्जा आणि त्याच्या महिरपी इथूनच नीट दिसतात, दाराखाली गेल्यावर दिसत नाहीत. रस्ता सतत वाहता आहे, तेव्हा मुलांचा हात सोडू नका आणि ओलांडायला सिग्नल गाठा.

इथेच वाड्याची गोष्ट सांगून टाकावी, म्हणजे आत गेल्यावर फक्त बघायचं. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा बांधून घेतला, १८०७च्या सुमारास. खर्च दोन लाख रुपये. शनिवारवाडा असताना पेशव्याने राहायला इथे यावं, याचं मुलांना नवल वाटतं. तो इथे अकरा वर्षं राहिला, आणि १८१८ साली पेशवाई गेली. मग १८२१ मध्ये मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ त्या पाठशाळेत आहे. १८७९ साली आगीत वाड्याचा बराच भाग जळाला आणि पुढे वर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून तो पुन्हा उभा केला. नंतर नगरपालिका आणि महापालिकेची कचेरी इथे होती, १९५९ पर्यंत. म्हणजे एकाच छताखाली पेशव्याचे पानविडे, विद्यार्थ्यांचं पाठांतर आणि कारकुनांच्या फायली. शाळकरी मुलांना यातली शाळेची गोष्ट सर्वांत जास्त लक्षात राहते. ते साहजिकच आहे.

चौकात: खालून वर

आता मुख्य भाग. चौकात एक सोयीची जागा धरा आणि एकच खांब निवडा. सगळे खांब बघायला गेलात तर एकही दिसणार नाही.

सगळ्यांनी आधी खाली बसायचं. आजीला बसता येत नसेल तर तिला ओसरीच्या कडेला बसवा. खांब जमिनीत पुरलेला नाही. तो दगडावर टेकवलेला आहे. या दगडाला तळखडा म्हणतात, उथळं असंही म्हणतात. आधी सागवान चिवट, त्यात तेल असतं, वाळवी सहजासहजी धरत नाही. पण जमिनीची ओल सतत लागली तर सागवानसुद्धा कुजतं. म्हणून मध्ये दगड. दोनशे वर्षं खांब टिकण्याचं अर्धं श्रेय या वीतभर दगडाचं आहे, आणि त्याच्याकडे कोणीही बघत नाही. वाड्यात राहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, सारवताना किंवा फरशी धुताना पाणी खांबाशी साचू द्यायचं नाही ही शिस्त त्याच्या घरात होतीच.

मग हळूहळू उभं राहत खांबावरून नजर वर न्या. विश्रामबागेचे खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे आहेत: बुंध्याशी भरलेले, पानांच्या नक्षीत बसवलेले, आणि वर निमुळते होत गेलेले. इथे एक घोटाळा होतो. सुरू म्हटलं की आपल्या मुलांना कोकणातल्या समुद्रकाठची सुरूची बनं आठवतात. ते झाड वेगळं. हा सुरू म्हणजे उत्तरेकडच्या बागांतला, शंकूसारखा सरळ उंच जाणारा वृक्ष. मोगली इमारतींतून हा घाट मराठी सुतारांकडे आला आणि त्यांनी तो सागवानात इतका सफाईने उतरवला की पेशवाईतल्या दिवाणखान्याची तीच ओळख होऊन बसली.

खांबाच्या माथ्याशी विजेरीचा तिरका उजेड टाका. इथे केळफूल शोधायचं. खाली झुकलेलं, सालींच्या थरांनी मिटलेलं, अगदी भाजीला आणतो तसं. धाकटीने ते पहिल्यांदा ओळखलं तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "आजी, हे तर तू चिरतेस ते!" आणि माझ्या आईने, तिला उचलून घेता येत नाही म्हणून, स्वतःच टाचा उंचावून त्या केळफुलाकडे पाहिलं. पेशव्याच्या वाड्यातलं केळफूल आणि आपल्या विळीवरचं केळफूल एकच. कोरणाऱ्या सुताराच्या परसातही केळ असणारच.

दोन खांबांमधली महिरप बघून बहुतेकांना वाटतं की वरचं छत या कमानीवर तोललेलं आहे. मुलांना थांबवून विचारा. लाकडी महिरप बहुतेक ठिकाणी शोभेची असते. फळ्या कापून खांबांच्या मध्ये बसवलेली. भार घेते ती तिच्या वरची आडवी तुळई. ओट्यावरच्या पट्टीची आठवण करून द्या. दगडी कमान आणि लाकडी महिरप दिसायला बहिणी, पण कामं अगदी वेगळी.

खांब आणि तुळई जिथे भेटतात तो सांधा वाड्याचा प्राण आहे. खांबाच्या टोकाला जिभेसारखा भाग काढतात, ते कुसू. तुळईत तेवढीच खाच कोरतात, ती साल. कुसू सालीत घट्ट बसलं की सांधा भार झेलतो, आणि तरी किंचित हलू शकतो. भूकंपाच्या हादऱ्यात ही किंचितशी हालचालच घराला वाचवते. मुलांना हे हाताने दाखवा: एका हाताची मूठ, दुसऱ्याचं बोट मुठीत. मूठ हलवली तर बोट थोडं फिरतं, पण निसटत नाही.

सर्वांत शेवटी मान पूर्ण मागे टाकून छत. कड्या मोजा. थोरल्याला मोजायचं काम द्या आणि आकडा वहीत लिहून घ्या. कड्यांमधलं अंतर साधारण किती विती, ते अंदाजाने ठरवा. काही दालनांत कडीपाट उघडा दिसतो, काही ठिकाणी खालून नक्षीदार लाकडी छत बसवलेलं असतं. दोन्ही पाहा. उघडा कडीपाट खरेपणाने सगळं सांगतो आणि मला तोच जास्त आवडतो.

या सगळ्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. एका खांबावर! पण त्यानंतर मुलं स्वतःहून दुसऱ्या खांबाकडे पळतात आणि "तळखडा, खांब, केळफूल, तुळई, कडी, पाट" अशी उजळणी करतात. तेव्हा तुम्ही बाजूला सरकून बसायचं.

हात लावण्याबद्दल स्पष्ट बोला. दगडाला, तळखड्याला बोट लावलं तर चालेल. कोरीव लाकडाला नाही. हाताचा घाम आणि तेल नक्षीत मुरतं. खांबावर नाव कोरलेलं दिसलं तर मुलांना ते दाखवा आणि त्यांनाच सांगू द्या की हे पाहून काय वाटतं.

वरचा मजला आणि जिने

वाड्यांचे जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि आत उजेड कमी. वर जाता येत असेल तर क्रम ठरवून घ्या: एक मोठं माणूस पुढे, मुलं मध्ये, एक मोठं माणूस मागे. उतरताना पुढच्याने खाली तोंड करून, घाई न करता. लांब ओढणी, पायघोळ साडी आवरून धरा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी वर जायचा हट्ट धरू नये. चौकच मुख्य आहे आणि तो खालून पाहण्यातच मजा आहे. वर गेलात तर कठड्यापाशी उभं राहून खालचा चौक पाहा. उजेड, वारा आणि पाऊस घरात घेण्याची ही जागा. चारी बाजूंच्या खोल्या तिच्याकडे तोंड करून बसलेल्या. पेठेतल्या गर्दीत बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी ठेवूनही आत घुसमट का होत नसे, याचं उत्तर इथे वरून मिळतं.

आजीला बोलतं करा

घरात साठ-सत्तरीच्या पुढचं, पेठेत वाढलेलं कोणी असेल तर तुम्हाला दुसऱ्या वाटाड्याची गरज नाही. पण "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारू नका, त्याला "छान होतं" एवढंच उत्तर येतं. वस्तू दाखवून विचारा. कोनाड्यात काय ठेवायचात? खुंटीवर कोणाचं काय असायचं? दाराचा अडसर रात्री कोण लावायचं? फडताळाची किल्ली कोणाच्या कमरेला? माजघरात कोण झोपायचं, ओसरीवर कोण? एका वाड्यात किती बिऱ्हाडं होती आणि नळावर पहिला नंबर कोणाचा? प्रत्येक प्रश्नाला गोष्ट निघते.

आमच्या आईने कडीपाटाकडे बघितलं आणि तिला माती आठवली. पाटावर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन करत. वर कोणी धावलं की फटीतून ती माती खाली ताटात पडायची, म्हणून माजघरात छताखाली जुनी लुगडी ताणून बांधलेली असत. "वरची मुलं खेळायला लागली की आजी भात झाकायची," ती म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठे असणार?

मग तिने नारायण पेठेतल्या वाड्याचं सांगितलं. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. ती तेव्हा आठ वर्षांची. सगळे उंचावर पळाले. पाणी ओसरल्यावर परत आले तर वाड्याच्या मागच्या बाजूच्या मातीच्या भिंती नव्हत्याच. पांढऱ्या मातीच्या, कच्च्या विटांच्या त्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या होत्या. त्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मुळासकट बसले. आईच्या वाड्यातल्या मागच्या सोप्याचे खांब मात्र उभे होते, वर कडीपाट तसाच, आणि खुंटीला तिच्या वडिलांची टोपी. भिंतीच नसल्यामुळे रस्त्यावरून थेट घरातली टोपी दिसत होती. हे तिने मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. चौकात, खांबाशेजारी बसून, नातवंडांना सांगितलं.

म्हणून माझा आग्रह आहे की फोनवर आवाज रेकॉर्ड करायला ठेवा. फोटो नंतरही काढता येतात.

जेवण, आणि दुपारचं संग्रहालय

साडेबारा-एकला बाहेर पडा. तुळशीबाग हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी यांचा तोटा नाही. मुलांना काही गोड कबूल केलेलं असेल तर निंबाळकर तालीम चौकातली मस्तानी. पण ती परतीच्या वेळेला ठेवा, आधी दिलीत तर दुपारी डोळे मिटतात.

जेवणानंतर बाजीराव रस्त्यानेच दक्षिणेला पायी दहा-पंधरा मिनिटांवर, नातूबागेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. थकला असाल तर ते दुसऱ्या दिवसावर ठेवा, मी खरंच सांगते. दमलेल्या मुलांना तिथे ओढत नेणं अन्यायाचं आहे, त्यांच्यावर आणि संग्रहावरही. ताकद असेल तर मात्र जाच, कारण विश्रामबागेत जे रिकामं घर पाहिलं त्यातल्या वस्तू इथे आहेत.

दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, घरचा व्यवसाय चष्म्यांचा, 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय. केळकर देशभर हिंडून माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करत राहिले: दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, वाद्यं, कोरीव दारं-खिडक्या. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. मुलाच्या नावाची गोष्ट दारातच मुलांना सांगा. आत ती वेगळ्या नजरेने फिरतात.

सगळी दालनं बघायचा प्रयत्न करू नका. तीन मजले आहेत आणि जिने आहेत. आम्ही प्रत्येकाने एकेक प्रकार निवडला होता. आईने अडकित्ते, थोरल्याने वाद्यं, धाकटीने दिवे, मी दारं. दारांपाशी सकाळचा अभ्यास पुन्हा उपयोगी येतो: चौकट, उंबरठा, वरची गणेशपट्टी, आणि चौकटीच्या लाकडांचे सांधे. कोथरूडच्या वाड्यातून आणून इथे पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल मात्र सगळ्यांनी मिळून पाहा. लाकडी घराची ही एक खुबी मुलांच्या ध्यानात आणून द्या: दगड-मातीची भिंत उचलून नेता येत नाही, पण कुसू-सालीने जोडलेलं लाकूड सुटं करून, खुणा घालून, दुसरीकडे पुन्हा जुळवता येतं.

नाना फडणवीसांचा नानावाडा, १७८० सालचा, शनिवारवाड्याजवळच आहे. ज्यांना सुरूच्या खांबांचं वेड लागलं आहे त्यांनी तो पुढच्या खेपेला ठेवावा. एका दिवसात तीन वाडे झेपत नाहीत.

संध्याकाळी मंडई स्थानकावरून मेट्रो.

घरी आल्यावर

हात-पाय धुऊन झाले की डबे पुन्हा बाहेर काढा. आता मुलांनाच वाडा रचू द्या. आमच्याकडे या वेळी डब्यांखाली चार चपटे दगड आले, कुंडीतले, धाकटीने स्वतः धुऊन आणलेले. खांबांच्या मध्ये थोरल्याने जुनी पोस्टकार्डं उभी केली आणि म्हणाला, ह्या भिंती. वर पेन्सिली, वही, वहीवर वाट्या.

आई खुर्चीत बसून बघत होती. तिने हात पुढे केला आणि मागच्या बाजूचं एक पोस्टकार्ड काढून घेतलं. मग दुसरं. वाट्या हलल्या नाहीत. धाकटी धावत जाऊन आजोबांची टोपी घेऊन आली आणि ती कुठे अडकवायची ते विचारू लागली.